पाच हजार टनांची बोट आणि दोन किलो मीठ

काका, आधी माफी मागतो. तुमच्यावर लिहिण्याचा अधिकार माझा नाही. माधव नगरात तुम्हाला चाळीस-चाळीस वर्षं ओळखणारे लोक आहेत, सिंचाई विभागात तुमच्या शेजारच्या टेबलावर नक्शे काढत बसलेले आहेत. त्यांनी लिहिलं असतं तर नीट लिहिलं असतं. मला तुमची जन्मतारीखसुद्धा ठाऊक नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा भैरवगढला चादरींवर ठप्पे मारतात, आणि माझ्या मराठीत दर तिसरा शब्द हिंदी येतो, हे तुम्हीच मला शंभरदा ऐकवलंय. पण इथल्या मराठी समाजाची स्मरणिका निघणार म्हणून लोक विचारायला आले तेव्हा काकू म्हणाल्या, "शेवटपर्यंत भांडले ते मुकुंदशी. त्यालाच लिहू द्या."

म्हणून लिहितो आहे. रागात लिहितो आहे, हेही आधीच सांगतो. दहाव्याला राम घाटावर सगळे तुमच्याबद्दल चांगलं बोलत होते आणि मी पायऱ्यांवर उभा राहून मनातल्या मनात तुमच्याशी वाद घालत होतो. बाबा तर माझ्याही मागे, अगदी वरच्या पायरीवर थांबले. खाली आलेच नाहीत.

तुमची-आमची ओळख लाकडामुळे झाली. तुम्ही भैरवगढला सागवान शोधत आला होतात, जुनं, मुरलेलं, पाण्यात न फुगणारं. बाबांनी झिजलेले सागवानी ठप्पे काढून दाखवले. "किस काम के लिए चाहिए, साहब?" बाबांनी विचारलं. तुम्ही म्हणालात, "बोट करायचीय. लढाईची." बाबांना वाटलं नातवासाठी असेल. नातू नव्हताच. तुम्ही घरी त्या ठप्प्यांचे तुकडे जोडून, कोरून, आतून पोकळ करून जवळजवळ दोन हात लांबीची क्रूझर केलीत. डेक उचलला की आत अजून बेलबुट्टी दिसायची. शंभरेक वर्षांपूर्वी इंग्रज आणि जर्मन नौदलांत असायच्या तसल्या बोटीच्या पोटात आमच्या चादरींची वेल.

मी ती बोट पाहायला आलो आणि मग येतच राहिलो. तेव्हा मी बारावीत होतो. पुढे इंदोरला इंजिनियरिंगला लागलो तरी रविवारची बस चुकवली नाही. रद्दीतून मिळालेलं ते जाडजूड इंग्रजी पुस्तक, ज्यात बोटींचे उभे-आडवे छेद होते, ते तुम्ही माझ्यापुढे ठेवलंत आणि म्हणालात, "मोठ्या युद्धनौका बघू नको. त्यांच्याकडे सगळंच असतं, त्यात डोकं लागत नाही. ही हलकी क्रूझर बघ. हिला वेगही हवा, तोफाही हव्यात, चिलखतही हवं, महिनाभर समुद्रात राहायला कोळसाही हवा. आणि वजन मोजून पाच हजार टन. आता बोल, काय सोडतोस?"

काय सोडतोस. हा प्रश्न तुम्ही मला किती वेळा विचारलात याचा हिशेब नाही.

काकूंनी भैरवगढच्या चिंध्यांमधून लहान लहान पोटल्या शिवून दिल्या होत्या आणि तुम्ही त्यात सायकलचे छर्रे भरले होते. लाल पोटल्या तोफांच्या, निळ्या चिलखताच्या, काळ्या कोळशाच्या. इंजिनं म्हणजे पितळेचा एक ठोकळा. नियम एकच. एक पोटली चढवायची तर एक उतरवायची. गच्चीवर जस्ती पत्र्याचा लांबट टब, त्यात नळाचं पाणी, त्यात बोट. बोटीच्या कुशीला पांढरा रंग, कारण त्यावर पेन्सिल उमटते. पाणी कुठवर आलं ती रेघ मारायची आणि मग भांडायचं.

पहिल्याच रविवारी मी दोन लाल पोटल्या पुढच्या डेकवर उंच ठेवल्या. मोठ्या तोफा, सहा इंची. बोट क्षणभर उभी राहिली आणि हळूच कुशीवर झोपली. तुम्ही हसला नाहीत. "क्या बात है, इंजिनियर साहेब," एवढंच म्हणालात. "एक गोळी न झाडता तुम्ही स्वतःची बोट बुडवलीत."

"जर्मन बोटींसारख्या लहान तोफा ठेवल्या तर गोळा सतराएक किलोचा," मी म्हणालो. "इंग्रजांचा पंचेचाळीसचा. लागला तर काम तमाम."

"लागला तर. पंचेचाळीस किलोचा गोळा डोलत्या डेकवर माणसानं हातानं उचलायचाय. दहावा गोळा उचलताना त्याच्या कमरेचं काय होतं ते पुस्तकात नाही. तुझ्या बाबांना विचार, दिवसभर ठप्पा उचलून खांद्याचं काय होतं."

मी खरंच विचारलं. बाबा म्हणाले, "लहान ठप्पा भराभर बसतो. मोठा संध्याकाळी तिरका पडायला लागतो." पुढच्या रविवारी तुम्हाला हे सांगितलं तर तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत, बाबांच्या नावासकट. माझ्या बाबांचं बोलणं कुणी वहीत लिहिलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले, आणि आत्ताही नीट मानता येत नाहीत, कारण लगेच पुढचं भांडण आठवतं.

खरं भांडण पट्ट्यावरून. लाकडी बोट एकच, मांडण्या दोन. तुमची बोट जुन्या पद्धतीची. आत कासवाच्या पाठीसारखा चिलखती डेक, आणि दोन्ही कुशींना कोळशाच्या कोठ्या. गोळा आला तर कोळशात रुतेल. कोळसा म्हणजे इंधनही आणि भिंतही, एका वजनात दोन कामं. माझी बोट नंतरच्या काळातली. बाहेरून पाण्याच्या रेषेवर पोलादाचा पट्टा, पोटात तेल. तेल हलकं, वेग जास्त, कोळसा झोकणारी माणसं नकोत.

"तेल आणणार कुठून?" तुम्ही. "इंग्रजांच्या घरात कोळसा होता. तेल परक्याच्या विहिरीतलं."

"आणि तुमची भिंत, काका? जाताना आहे. येताना कोळसा जळून गेलेला असेल. म्हणजे भिंतच जाळत जाळत बोट घरी येणार."

त्या दिवशी तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. काकू चहा घेऊन आल्या होत्या, गुडघे दुखत असतानाही जिना चढून. म्हणाल्या, "दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही, आणि युद्धं बघा कशी चाललीयत."

मला वाटलं मी जिंकलो. पुढच्या रविवारी तुम्ही माझी बोट टबात सोडलीत, सगळ्या पोटल्या नियमाप्रमाणे. कुशीवर आखलेला पट्टा पाण्याच्या वर छान दिसत होता. मग तुम्ही आणखी दोन काळ्या पोटल्या, माझ्या बोटीत त्या तेलाच्या, आत टाकल्यात.

"हे काय? वजन झालं ना पूर्ण."

"कागदावर झालं. लढाईवर निघालेला कुठला कप्तान टाकी अर्धी ठेवून निघतो? तो कोठारं ठासून भरणार."

बोट खाली बसली. पट्टा पाण्याखाली गेला, अगदी थोडा, पण गेला. तुम्ही वाकून पाहिलंत आणि म्हणालात, "तुझं चिलखत आता मासे सांभाळतंय."

मी म्हणालो की एवढी खाली बसायला नको, काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते सांगता आलं नाही. तुम्ही म्हणालात, "काय चुकतंय ते कळलं की सांग. तोवर हरलास." मी पूर्ण आठवडा हॉस्टेलवर आकडे मांडत बसलो. काही सापडलं नाही. पण तुम्हीही ते डोक्यातून काढलं नव्हतंत, हे मला माहीत नव्हतं.

आता मिठाचं लिहावं लागेल.

तुम्हाला मीठ बंद होतं. दोन वर्षांपासून. काकू तुमचं वेगळं, अळणी रांधायच्या आणि मिठाची बरणी कपाटात कुलपात ठेवायच्या, कारण तुम्ही एकदा पोह्यांवर मूठभर सेव टाकून खाताना सापडला होतात आणि एकदा लोणच्याचा खार चाटताना. आणि अशा माणसानं मला बुधवारी दुपारी फोन करून सांगावं, "रविवारी येताना दोन किलो मीठ आण. जाडं. काकूला कळू देऊ नको."

"काका, कशाला?"

"आल्यावर दाखवतो."

"पण तुम्हाला तर..."

"आल्यावर दाखवतो म्हटलं ना. अधुरा नक्शा कुणाला दाखवायचा नसतो."

ही तुमची जुनी सवय. पूर्ण होईपर्यंत कागदावर हात ठेवून बसायचं. मला राग येतो तो याचाच. एक वाक्य, काका. एक वाक्य बोलला असतात तर काय बिघडणार होतं? मी घाबरलो. दोन तास विचार केला आणि काकूंना फोन करून सांगून टाकलं. तुमच्या भल्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगितलं, आणि अजून सांगतो.

रविवारी आलो तर तुम्ही गच्चीचं दार उघडलंच नाहीत. खाली खुर्चीत बसून होतात. "आमच्या विभागात असल्या माणसाला चुगलखोर म्हणत," तुम्ही म्हणालात. मी म्हणालो, "काका, तुमची तब्येत..." तुम्ही म्हणालात, "माझी तब्येत मी बघीन. तुझी बोट बुडालीय, ती बघ. जा घरी."

मी गेलो. पुढच्या रविवारी आलो नाही. काकूंना कळवलं की परीक्षा जवळ आलीय. परीक्षा लांब होती.

मंगळवारी सकाळी बाबांचा फोन आला. हार्ट. मी बसनं पोचलो तेव्हा तुम्हाला नेलेलं होतं. दुसऱ्या दिवशी अंथरूण काढताना काकूंना गादीखाली प्लास्टिकची रिकामी पिशवी सापडली. तळाशी मिठाचे खडे. तेव्हापासून काकू आल्या-गेल्याला एकच सांगतात, "मी दोन वर्षं अळणी घातलं, आणि यांनी चोरून मीठ खाल्लं." रडत नाहीत. चिडून सांगतात. लोक मान हलवतात. डॉक्टरांनी तसं काही म्हटलेलं नाही, पण घरात आता तेच पक्कं झालंय.

आणि मी? मी मीठ आणून दिलं नाही, हे बरोबर केलं असं सगळे म्हणतात. मग मला असं का वाटतं की तुम्ही मला काहीतरी विचारलं आणि मी उत्तर चुकवलं? तुम्ही मला पेन्सिलला टोक काढायला शिकवलंत. रेषेलाही जाडी असते हे शिकवलंत. पहिल्या वर्षी ड्रॉइंगमध्ये मी नापास होणार होतो तेव्हा स्वतःचा बोर्ड आणि टी-स्क्वेअर मला देऊन टाकलात आणि वर म्हणालात, "पास झालास तर परत मागीन." पास झालो, तुम्ही मागितलं नाहीत. असा माणूस मला चुगलखोर म्हणून गेला. हे मला सहन होत नाही, काका. मी बरोबर होतो की चूक, तेवढं तरी सांगून जायचं होतंत.

इथपर्यंत मागच्या आठवड्यात लिहिलं होतं. स्मरणिकेला द्यायच्या आधी बाबांना वाचून दाखवावं म्हटलं. बाबांना मराठी छापील वाचता येतं, माझं अक्षर वाचता येत नाही. ते रंगाच्या हौदापाशी बसले होते, मी उभ्यानं वाचत होतो. रिकाम्या पिशवीपर्यंत आलो तेव्हा बाबा म्हणाले, "थांब."

मग हाताला लागलेला रंग दुसऱ्या हातानं चोळत राहिले.

"ते मीठ मी दिलं होतं," ते म्हणाले.

तुम्ही ऑटोनं भैरवगढला आला होतात. आपलं भांडण झालं त्याच आठवड्यात, शुक्रवारी. बाबांकडे रंगाईचं जाडं मीठ असतंच. रंग कापडावर नीट चढावा म्हणून पाण्यात घालावं लागतं. तुम्ही मागितलंत, बाबांनी पिशवी भरून दिली.

"बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं होतं मी घरी, त्यांना मीठ मना आहे म्हणून," मी ओरडलो. बाबांवर मी कधी ओरडत नाही.

"ध्यानात नाही राहिलं, बेटा. मला वाटलं रंगासाठी नेतायत. बोटीला रंग द्यायचा असेल." ते खाली बघत होते. "मग घाटावर काकू सगळ्यांना सांगत होत्या. मी कसा खाली येणार? मला वाटलं, मीच मारलं."

तीन आठवडे, काका. तीन आठवडे माझे बाबा हे मनात घेऊन रोज त्याच मिठात हात घालत होते.

माझं डोकं फिरलं होतं. कशावर राग काढावा कळत नव्हतं. मी म्हणालो, "पण दोन किलो? दोन किलो मीठ कोण खातं?" हे तोंडातून निघालं आणि हातातले कागद मी खाली ठेवले.

बाबा म्हणाले, "मलाही वाटलं तेव्हा, जास्त आहे. त्यांनी हिशेब करून मागितलं. म्हणाले, साठ लिटरला दोन किलोच्या थोडं वर."

साठ लिटर म्हणजे तुमचा टब.

काका, मागच्या सेमिस्टरला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पेपरात नदीतून समुद्रात शिरणाऱ्या जहाजाचं गणित होतं. खारं पाणी जड, म्हणून समुद्रात जहाज थोडं वर उचललं जातं. मी सोडवलं होतं. पूर्ण गुण होते. आणि आपण दोघं वर्षानुवर्षं समुद्रातल्या क्रूझरचं पाणी मोजत होतो नळाच्या पाण्यात. तुम्ही सगळी नोकरी कालव्यांचं पाणी कागदावर काढलंत, मी शिप्रेच्या काठी वाढलो. पाणी म्हणजे गोडच, हे आपल्या मनात इतकं बसलेलं की पाच हजार टनांच्या बोटीचा खिळा न् खिळा मोजला आणि समुद्र खारा असतो हे राहून गेलं.

बाबांना तसंच बरोबर घेऊन तुमच्या घरी आलो. गच्चीची किल्ली कुठे असते ते मला माहीत होतं, छर्ऱ्यांच्या डब्यात. काकूंना म्हटलं, वर चला. त्या म्हणाल्या, गुडघे. बाबांनी त्यांना एकेक पायरी धरून चढवलं.

टब कोरडा पडला होता. उन्हानं सगळं पाणी नेलं होतं आणि तळाला, कडांना, सगळीकडे पांढरा थर. बोट त्यात तिरकी बसलेली, सगळ्या पोटल्या आत, जादाच्या दोन काळ्यासुद्धा. काळं कापड मिठानं पांढरं झालेलं.

काकूंनी खाली वाकून बोटानं थर खरवडला आणि जिभेला लावला. मग सरळ उभ्या राहिल्या.

"म्हणजे खाल्लं नाही," त्या म्हणाल्या.

"नाही, काकू."

"मग मला सांगायला काय झालं होतं?" हे त्या माझ्याकडे बघून नाही, बोटीकडे बघून म्हणाल्या. "शेवटच्या रात्रीची अळणी भाजीसुद्धा सगळी संपवली. मला वाटलं, चोरून खाऊन आलेत म्हणून मुकाट जेवतायत." बाबा भिंतीशी टेकून खाली बसले.

मी बोट उचलली. कुशीवर दोन रेघा होत्या. एकीपुढे तुमच्या त्या सरळ अक्षरात 'नळ', दुसरीपुढे 'समुद्र'. दोन्हींमध्ये अर्धा मिलिमीटर. खऱ्या बोटीवर चार-पाच बोटं. माझ्या पट्ट्याची वरची कड 'नळ'च्या खाली होती आणि 'समुद्र'च्या किंचित वर, पाण्याबाहेर.

डेकखाली, बेलबुट्टीवर, घडी घातलेला कागद होता. पूर्ण नक्शा, छेदासकट, आणि खाली उजव्या कोपऱ्यात ती चौकट, जी तुम्ही प्रत्येक कागदावर आखायचात. 'रेखाटले' पुढे तुमची सही. 'तपासले' ही जागा तुम्ही नेहमी मोकळी सोडायचात. म्हणायचात, तपासायला दुसरा माणूस लागतो, आणि तो बरोबरीचा लागतो. या वेळी तिथे पेन्सिलनं माझं नाव होतं. सहीची जागा मोकळी. तारखेत रविवार. मी परीक्षेचं खोटं सांगून आलो नाही तो.

"काय लिहिलंय?" काकूंनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

"त्या रविवारी म्हणूनच," काकू म्हणाल्या. "सकाळपासून मागे लागले होते, पोहे दोघांचे कर. मी म्हटलं, मुकुंद येणार नाहीये, त्याची परीक्षा आहे. तर म्हणाले, येईल. त्याची सही घ्यायचीय. आणि त्याच्या पोह्यांत मीठ नीट घाल."